कुणाला शंका?

माझा आवाज असा, की दहिवलीतून हाक मारली तर पार लांब भिसेगावात ऐकू जावी. फौजेत मला त्याचा माज होता. हवालदार झालो, दहा जवानांचं सेक्शन हाताखाली आलं आणि बर्फातल्या पोस्टवर पोस्टिंग मिळालं. माझा तिथला पहिलाच हिवाळा. नाईक धर्मा वाघचा तिसरा. खालापूरच्या डोंगरातल्या वाडीवरचा गडी, बोलायला कमी.

रोज सकाळी सहाला गस्तीचं ब्रीफिंग. पहिल्याच आठवड्यात धर्मा म्हणाला, "उस्ताद, नाल्यातून नको. डोंगराच्या धारेवरून जाऊ."

"हवालदार तू की मी?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "जास्त शहाणपणा नको!"

पोरं हसली. धर्मा खाली बघत राहिला. मला वाटलं, बरी जिरवली.

त्यानंतरही मी रोज विचारायचो, "कुणाला शंका?" कुणालाच नसायची. मी आपला खूष. काय शिस्त आहे माझ्या सेक्शनची!

दहाव्या दिवशी पुन्हा नाला. "शंका?" सगळे गप्प. नऊ वीसला वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. पुढच्या जोडीतला शिंदे रेडिओवर आला.

"एक जवान बर्फाखाली. ओव्हर."

"कोण?"

"धर्मा."

पन्नास मिनिटं खणलं. उशीर झाला होता.

संध्याकाळी शिंदे म्हणाला, "उस्ताद, धर्मा सकाळीच काठी टोचून बघत होता. बर्फ पोकळ लागतोय म्हणाला. मी म्हटलं, उस्तादांना सांग. तर म्हणतो, नको रं, परत चारचौघांत पाणउतारा करतील."

सुट्टीत वाडीवर गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "माजा धर्मा शेवटाला काय बोलला रं?"

काहीतरी शूर सांगता आलं असतं. जीभ रेटेना.

"आई, त्याला बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाय."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "ल्हानपनापासून तसाच. कुनी वरडलं का गप बसायचा." मग तिनं मला चहा दिला.

फौजेतून निवृत्त झालो, आता खोपोलीत आमचं बचाव पथक आहे. इथल्या शिळफाट्यावरून गाडी निघण्याआधी मी सगळ्यात नव्या माणसाला आधी "शंका?" विचारतो आणि तोंड मिटून उभा राहतो. फार जड जातं हो! परवा डोंगरावर नवीन आलेली सविता चाचरत म्हणाली, "सर, दोर तिथे नको. खडक हलतोय."

दोर हलवला. तासाभरात तो खडक दरीत गेला. आमची सगळी माणसं खाली उतरली. सविताला शाबासकी दिली, सगळ्यांसमोर, याच मोठ्या आवाजात.

धर्मा, पहिली शाबासकी तुझी होती रे. ती द्यायची राहिली.