काकूंचे आकडे

"आधी ठावं असलेलं वजन टाका, मग काट्याचं बोला," असं म्हणत हे काका कुठल्याही दुकानात शिरले की पहिल्यांदा तराजूच्या पारड्यावर बोट टेकवायचे. किराणावाला असो, भाजीवाली असो, सोनार असो. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. उभा जन्म तोलण्यात गेलेला. समोरच्याला राग आला तर येऊ दे, त्याची त्यांना फिकीर नसायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वीस वर्षं ओळखीच्या दुकानदारालाही ती सोडत नाहीत.

माझ्याकडे तोलण्यासारखं काही नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि सांगलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते. त्यातल्या एका मशीनवर इंटरनेट घेतलं होतं. घेतलं होतं म्हणजे काय, लागलं तर लागलं. आधी खरखर, मग शिट्ट्या, आणि रंगात यावं तोवर फोनची लाइन तुटायची. तरी लोक बघायला यायचे, आणि बघून झालं की "एवढंच व्हय?" म्हणून निघून जायचे.

काका मात्र काम घेऊन आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "म्याडम, ह्याच्यात साखरेचा आजार कळतो म्हनं. बगू, कसा कळतोय."

परदेशातल्या काही साइटवर तशी सोय नुकतीच सुरू झाली होती. वय, वजन, रक्तातली साखर टाकायची, बटण दाबायचं, की मशीन सल्ला देणार. सगळं इंग्रजीत. म्हणून त्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं आणि उत्तर मराठीत वाचून दाखवायचं, असं ठरलं. बाजारभाव सांगावेत तसे त्यांनी आकडे भराभर सांगितले. साखरेचा आकडा ऐकून माझा हात थांबला.

"अहो काका, एवढी साखर घेऊन एसटीनं हिंडताय? आधी डॉक्टर गाठा."

"माझी न्हाई. आमच्या मंडळींची हाय."

"मग त्यांना न्या."

"आता कुठं न्यायची? दोन वर्सं झाली तिला जाऊन."

मी टाकलेले आकडे खोडायला लागले. काकाच मला समजावल्यासारखे म्हणाले, "हिचं काय झालं त्ये मला ठावं हाय. ह्या मशीनला कळतंय का, एवढंच बगायचं."

मशीननं गोड बोलून काकूंना रोज अर्धा तास चालायला सांगितलं. काका मांडीवर थाप मारून हसले. "माणूस गेला, आन ह्यो म्हनतोय चाला!" पिशवीतून मूठभर बेदाणे काढून त्यांनी क्लासमधल्या सगळ्यांच्या हातावर ठेवले. मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय.

तसं नव्हतं. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले आणि लाइन लागायची वाट बघता बघता सगळं बोलले. त्यांची एकुलती एक लेक लोणंदला दिलेली. आईच्या दहाव्याला तिनं चारचौघांत बापाला विचारलं होतं, "आईला आदल्या दिवशीच का न्हाई नेलं?" डॉक्टरही तसंच म्हणाले होते, काल आणायला हवं होतं. यांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर लेक माहेरी आली नाही. हे लोणंदला गेले तर नातवंडं बाहेर येऊन बोलायची, ती यायची नाही.

"मी काय डाक्टर हाय का?" काका म्हणाले. "आदल्या दिशी कुणाला कळलं असतं, सांगा की. ती तर कायबी बोलली न्हाई. सोसनारी हुती. आता एवढ्या शान्या मशीनला जर कळत न्हाई, तर लेकीला सांगता येईल, बाई गं, कुनालाच कळलं नसतं."

म्हणजे मशीननं चुकावं म्हणून हा माणूस तासगावाहून येत होता. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटू लागलं. त्या लेकीचा मला रागच आला होता. आई गेली ती गेली, जित्या बापाला किती जाळायचं?

मग दर गुरुवारी आमची परीक्षा सुरू झाली. एका साइटनं काकू दिवसभर काय खायच्या ते विचारलं. यादीत पाव होता, दूध घालून खायचे कसले पोहे होते, भाकरी नव्हती. "भाकरीच न्हाई? मग ह्यो कुनाच्या घरची साखर मोजतोय?" काकांनी तिथंच तिला नापास केलं. तरी मी भाकरीच्या जागी पाव टाकला, तर तिनं पोहायला जा म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "आमच्यात प्यायला टँकर येतोय गं."

दुसरी फार आपुलकीनं बोलली आणि शेवटी तिनं पुडी काढली. ही भुकटी घ्या, इंजेक्शन सोडा. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण पुडीचं चित्र पाहून ते लगेच म्हणाले, "इकायला बसलाय. उठवा ह्याला."

तिसरीची गंमत वेगळीच. आकडा टाकला तर ती म्हणाली, असा आकडा असू शकत नाही, पुन्हा तपासा. त्या देशात साखर मोजायचं माप निराळं, हे मला नंतर समजलं. काका मात्र पडद्याकडे बघत राहिले. "असू शकत न्हाई म्हनं. हुता की. माज्या घरात हुता." त्या दिवशी ते हसले नाहीत. बेदाणे मात्र वाटले.

म्याडमवरून मी एव्हाना पोरीवर आले होते. प्रत्येक नापास साइटमागं त्यांचा चेहरा थोडा उजळायचा. आणखी दोन-चार झाल्या की लोणंदला जातो, असं म्हणायचे. मीही हो म्हणायची.

मग ती एक साइट लागली. साधी, रंग नाहीत, चित्रं नाहीत. तिनं आकडे घेतले आणि सल्ला दिलाच नाही. उलट विचारायला लागली. पायाला जखम आहे का?

"व्हय. टाचंला हुती."

सारखी तहान लागते का? उलट्या होतात का?

"व्हय. सकाळपासनं."

श्वास जोरात चालतो का? बोलता बोलता गुंगी येते का?

काकांनी मानेनंच हो म्हटलं. आजवर कुठल्या साइटनं, काकूंना काय होतंय, हे विचारलंच नव्हतं. मी बटण दाबलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. मी ती मनातच वाचली. ह्यालाही काही कळत नाही काका, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एका वाक्यात म्हातारा सुटला असता.

"पोरी," ते म्हणाले, "आज वाचायला येळ लागतोय तुला. हाय तसं वाच."

मी वाचलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. उद्याची वाट पाहू नका."

शेजारच्या मशीनवर पोरं टायपिंग बडवत होती. काका बोलले, ते पडद्याकडे बघूनच.

"हेच म्हनत हुती ती. मला आत्ताच न्या वो, उद्यावर नगा टाकू. दुसऱ्या दिशी मोठा सौदा हुता माझा. म्हनलं, सौदा उरकला की लगेच निघू." मग म्हणाले, "मी म्हनायचो ना, ती कायबी बोलली न्हाई? बोलली हुती. तीनदा बोलली."

मला रडू आलं. काय करावं सुचेना, म्हणून विचारलं, "काका, ह्याची प्रिंट काढून देऊ का?"

"नगं. पाठ हाय."

टोपी घालून ते उठले आणि साताऱ्याची गाडी किती वाजता आहे, असं त्यांनी विचारलं. लोणंदला जायला साताऱ्यात गाडी बदलावी लागते. बाहेर ऊन कलत आलं होतं, म्हातारा पोचणार कधी, या काळजीनं मी बोलून गेले, "आता कुठं निघता काका, उद्या सकाळी जा की."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझं मला कळलं, आणि मी मुकाट्यानं गाडीची वेळ सांगितली.

ते परत कधी आले नाहीत. पुढं कितीतरी गुरुवार लाइन लागली की मी दाराकडे बघायची. लेकीनं बापाचं ऐकून घेतलं का, जेवायला वाढलं का, की दारातूनच माघारी लावलं, हे मला आजवर कळलेलं नाही. कळावं, असं फार वाटतं.