हरळीवरचे पांढरे चट्टे

मी मूळचा पातूरकडचा माळी. वांगी, मिरची, झेंडू हे आमच्या घरचं पीक. पण सात समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि ज्याच्याकडे बोटभर जमीन होती त्यानं त्यात सरकी टोबली. आमच्या मळ्याच्या मालकानंही वांगी उपटून कापूस लावला. मी आणि माझी बायको अकोल्याकडे आलो ते अशा वेळी. माळ्याला काम देणारा तिथं एकच माणूस भेटला, तो म्हणजे रुई विकत घेऊन मुंबईला धाडणारा एक गोरा साहेब.

साहेबानं गावाबाहेर, पूर्णेकडच्या काळ्या रानात, एक मोठं वावर घेतलं होतं. त्यात त्याला कापूस नको होता, गवत हवं होतं. काठीनं लहानसा पांढरा चेंडू मारत मारत लांब न्यायचा आणि शेवटी जमिनीतल्या भोकात घालायचा, असा त्याच्या मुलखातला खेळ होता. भोकं सहा. प्रत्येक भोकाभोवती खळ्याएवढी गोल जागा, आणि तिथलं गवत सतरंजीसारखं बसकं राहिलं पाहिजे. साहेब त्या जागेला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणे, आम्ही खळंच म्हणायचो.

एवढ्या उन्हात टिकणारं गवत एकच, हरळी. आणि हरळी म्हणजे कुणब्याचा वैरी. एक मूळ राहिलं तरी वावरभर पसरते, कापसाचा जीव घेते. लोक पिढ्यान्‌पिढ्या ती खणून काढत आले, आणि मी ती टोपल्यांनी आणून खुरप्यानं लावत होतो. गावातल्या लोकांनी काय काय तर्क केले! कोणी म्हणे साहेब इथं पलटण उतरवणार, घोड्यांसाठी चारा करतोय. कोणी म्हणे हरळी पसरवून सगळ्यांची वावरं निकामी करायची आणि मग पडक्या भावात घ्यायची. मी बाहेरचा, म्हणून साहेबाचा हेर ठरलो. मी वाटेनं निघालो की पारावरचं बोलणं थांबायचं. हळूहळू मीही तसाच झालो. कोणी राम राम केला तरी मनात यायचं, हा आज का बोलला?

आमच्या बांधाला लागून एका म्हाताऱ्या कुणब्याचं वावर होतं. मी त्याला काकाजी म्हणायचो. पहिल्याच पावसात तो बांधावर येऊन उभा राहिला होता.

"हे माह्या वावरात आलं नाई पायजे," तो म्हणाला. "आलं तं मी तुलेच धरीन. साहेबाले नाई, तुले."

त्या दिवसापासून माझा एक डोळा गवतावर आणि एक त्याच्यावर.

पहिला पावसाळा आणि हिवाळा गवतानं नाव घेण्यासारखा काढला. काळी माती पावसात पायाला लोण्यासारखी चिकटते, म्हणून मी खळ्यांवर नदीची वाळू आणि पांढरी माती पसरून दगडी रूळ फिरवला होता. धनगराच्या मेंढ्या आठवड्यातून दोनदा येऊन गवत कातरून जात. फाल्गुनापर्यंत साहेब इतका खूश होता की आपल्या हातानं भोकांत लाल झेंड्या रोवायचा.

चैत्रात जमीन फाटायला लागली. आमच्याकडे भेग पडते म्हणजे माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल अशी पडते. मी भेगा बुजवल्या, मोटेचं पाणी वाढवलं, सकाळ-संध्याकाळ खळी भिजवली. वैशाख लागताना काकाजी बांधावर आला. विहिरीकडे बोट दाखवून म्हणाला, "बापा, या इहिरीचं पानी खाली गेलं. आता हे देऊ नको. सुकू दे गवत, पावसात येईल आपोआप."

"काहून?" मी विचारलं.

"वैशाखात हे पानी खराब होते. मी माह्या बैलायलेबी पाजत नाई."

मी मान हलवली, पण मनात हसलो. विहीर अर्धी त्याची होती. आम्ही मोट थांबवली की सगळं पाणी त्याला मोकळं. शिवाय गवत मेलं तर हरळीची भीतीही गेली. एवढा शहाणा सल्ला फुकट कोण देतो? उलट दुसऱ्या दिवसापासून मी एक मोट जास्त हाकली.

पंधरा दिवसांत खळ्यांवर चट्टे दिसू लागले. आधी गवताची टोकं तांबूस झाली, मग मधोमध ताटलीएवढ्या जागा जळाल्या. मी आणखी पाणी दिलं. चट्टे परातीएवढे झाले. एका सकाळी मी गुडघ्यावर बसून जळलेलं गवत बाजूला केलं, तर मातीवर पांढरी भुकटी. बोटाला लावून जिभेवर ठेवली. मीठ!

डोळे उचलले तर समोर काकाजी आपली बैलजोडी घेऊन नदीकडे चाललेला. पाणी असलेल्या विहिरीवरून, तापत्या उन्हात, कोसभर लांब. हा माणूस या पाण्याला बैल का लावत नाही? यानं विहिरीत काही टाकलंय का? सगळं मला एकाएकी लख्ख दिसल्यासारखं झालं. मी उठलो आणि तडक साहेबाच्या जमादाराकडे गेलो.

जमादार असल्या संधीची वाटच पाहत असायचा. त्यानं त्याच दुपारी दोन शिपाई पाठवून काकाजीला आणवलं. खळ्याच्या मधोमध उभं केलं. डोक्यावरचं पागोटं काढून खाली ठेवायला लावलं.

"बोल बुढे, कित्ता नमक डाला?"

काकाजीनं जमादाराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "मीठ किती महाग झालं, मालूम आहे ना तुले? माह्या घरी भाकरीले पुरत नाई. तुह्या गवतावर कोठून टाकू?"

पण संशय उत्तर मागत नाही. मला वाटलं, बोलायला किती पक्का आहे!

ऊन उतरेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं. त्याच्या टाळूवरचे विरळ पांढरे केस घामानं चिकटले होते. जमादारानं सोडल्यावर तो वाकला, पागोटं उचललं, पण डोक्यावर घातलं नाही. काखेत धरून घरी गेला.

माझी बायको पिण्याचं पाणी गावातल्या गोड्या विहिरीवरून आणायची. दुसऱ्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन परत आली. काकाजीच्या सुनेनं सगळ्या बायांदेखत तिला सांगितलं होतं, "तुमच्या साहेबाच्या इहिरीचं प्या आता." कोणी दोराला हात लावू दिला नव्हता.

"काहून गेले तुमी जमादाराकडे?" ती मला म्हणाली. "डोळ्यानं पाह्यलं होतं त्यायले मीठ टाकताना?"

"पाह्यलं नाई तं काय झालं? दुसरं कोन टाकीन?"

ती घागर घेऊन आमच्या मोटेवर गेली. त्या दिवशी तिनं त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली. दुपार झाली तरी डाळ शिजेना, दाणे खड्यासारखे. शेवटी मी भाकरी मोडून नुसत्या पाण्याशी खाल्ली, आणि घास तोंडातच धरून बसलो.

"आज मीठ जास्त झालं भाकरीत," मी म्हणालो.

ती चुलीपाशी माझ्याकडे वळली. "मी आज मीठ घातलंच नाई."

मग मी घागरीतलं पाणी तव्यात ओतून चुलीवर आटवलं. तव्याच्या तळाशी पांढरी साय धरली. तसाच उठून विहिरीवर गेलो. मोट ओतायच्या थारोळ्याच्या दगडांवर, पाटाच्या दोन्ही कडांना, तीच पांढरी भुकटी होती. रोज त्यावर पाय ठेवून मी पाणी सोडत होतो. खळी बसकी, मधे खोलगट, म्हणून पाणी तिथं तुंबायचं, सुकायचं, आणि मीठ ठेवून जायचं. जेवढी काळजी जास्त घेतली तेवढं मीठ जास्त. पातूरकडे डोंगराचं गोडं पाणी. विहीर खाली गेली की पाणी खारं होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्यानं तोंडावर येऊन सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर मी लगेच कुठंच गेलो नाही. तीन दिवस गप्प राहिलो. मोट बंद केली आणि साहेबाला बैल आजारी असल्याचं सांगितलं. बायको कोणाशी बोलली की मी कान द्यायचो, ही सांगून तर टाकत नाही? चौथ्या दिवशी जमादार येऊन मिशीला पीळ देत म्हणाला की साहेब म्हाताऱ्याला कचेरीत खेचणार आहे, आणि साक्ष माझी आहे.

मी त्याला खरं ते सांगितलं. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "चूप बैठ. मीठ विहिरीतून आलं असं म्हणशील तर साहेब विचारील, मग बुढ्याला उन्हात कोणी उभं केलं?"

दुसऱ्या सकाळी मी दोन लोटे घेऊन साहेबाच्या ओसरीवर जाऊन बसलो. एकात नदीचं पाणी, एकात आमच्या विहिरीचं. साहेबाला आमची भाषा मोडकीतोडकी येत होती. मी म्हणालो, "साहेब, दोन्ही चाखा."

त्याला वाटलं असावं की मी विष पाजतोय. आधी मला प्यायला लावलं. मग स्वतः घोट घेतला, आणि दुसरा लोटा तोंडाला लावताच थुंकला. मी हात जोडून सगळं सांगितलं, चैत्रापासून. जमादार खांबाशी उभा होता, त्याच्याकडे मी पाहिलं नाही. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला.

"तुला पाण्याचं आधी कोण बोलला?" त्यानं विचारलं.

"ज्याचं पागोटं उतरवलं, तोच."

साहेबानं खटला सोडून दिला. मला काढलं नाही, जमादारालाही काढलं नाही. काकाजीसाठी मात्र एक नवा कोरा फेटा जमादाराच्या हातून पाठवला. काकाजीनं तो घेतला नाही. जमादार तो कुंपणाच्या काटीवर टाकून आला.

मी काकाजीच्या अंगणात गेलो तेव्हा तो पेरणीसाठी सरकीला शेण-माती चोळत होता. मी पाय धरायला वाकलो तर त्यानं पाय मागे घेतले.

"राहू दे. पह्यल्या दिवसापासून मी तुह्या मनात चोरच व्हतो. अन्‌ तू माह्या मनात." सरकीचा ढीग त्यानं पालथ्या हातानं पसरला. "मी तुले उन्हात उभं केलं नाई, एवढाच फरक."

मृगात पाऊस लागला. चार मोठ्या सरी झाल्या, माती धुतली गेली, आणि आर्द्रांत चट्ट्यांच्या कडेनं हिरवी टोकं निघाली. श्रावणात कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं की इथं काही मेलं होतं. पण पावसानं हरळीला पायही फुटले. तिच्या दोऱ्या बांध ओलांडून काकाजीच्या कापसाकडे निघाल्या. मी रोज पहाटे बांधावर रांगत त्या उपटायचो, मुळासकट, आणि टोपलीत भरून जाळायचो. काकाजी समोर बसून पाहायचा. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून पाहायचा, मला माहीत होतं, आणि मला त्याचा राग येत नव्हता. महिनाभर तो बोलला नाही. मग एक दिवस म्हणाला, "तिकडं एक राहिलं." मी परत जाऊन ते काढलं.

पुढं लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आणि साहेब सामान बांधून निघून गेला. वावर दुसऱ्या कोणी घेतलं. मी आणि बायको तिथंच राहिलो. गावाच्या गोड्या विहिरीखाली काकाजीच्या भावकीतल्या एकाची पड जमीन होती, तीत मी परत वांगी लावली. बायकोला विहिरीवर दोर मिळू लागला तो वांगी लावली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर. काकाजीच्या सुनेनंच तो तिच्या हातात दिला.