बांधावरचे बूट

"अगं, बूट काय हातात घेतलेस? देवळात निघालीस का?" वहिनी म्हणाल्या. सगळे हसले.

नव्वदच्या दशकातला एक रविवार. जपानात, नागोया शहराबाहेर, भातखाचरांमधल्या पायवाटेनं आम्ही चार मराठी कुटुंबं टेकडीकडे निघालो होतो. वहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या साहेबांच्या पत्नी, पुण्याच्या. मी वाकून नाड्या कधी सोडल्या, माझं मलाच कळलं नव्हतं. समोर बांध दिसला आणि हात आपोआप पायांकडे गेले.

आमच्या गावात शाळा पाटलाच्या शेतापलीकडे. आमच्या वस्तीनं बांधावरून जायचं तर चपला हातात घ्यायच्या. समोरून त्यांच्यातलं कुणी आलं की खाली चिखलात उतरायचं. आई उतरायची. मीही उतरले आहे. विमानात बसले तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचे.

"खडा गेला होता," मी म्हणाले.

वहिनींनी मला नीट न्याहाळलं. "हं. सवय असते एकेकाला." पुन्हा हशा. मीही हसले. बूट काढल्याची वाटली त्याहून जास्त लाज मला माझ्या त्या हसण्याची वाटते. अजून.

पुढे एक म्हातारा शेतकरी विळ्यानं बांधावरचं गवत कापत होता. त्या दिवशी अख्खं गाव विळे घेऊन वाटेवर उतरलं होतं. शाळेची पोरं, दवाखान्यात जाणाऱ्या आज्या, आमच्यासारखे उपरे, सगळेच त्या वाटेनं जायचे. म्हणून साफही सगळ्यांनी मिळून करायची, गप्पा मारत.

मला पाहून म्हातारा स्वतः चिखलात उतरला. कमरेत वाकला. "दोझो," म्हणाला. जा ना, पुढे जा. शेत त्याचं, बांध त्याचा, आणि मी त्याच्यापुढे बूट हातात घेऊन अनवाणी उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथंच खाली बसले. बूट घातले. नाड्या करकचून बांधल्या.

"निघाला का खडा?" वहिनींनी विचारलं.

"खडा नव्हता, वहिनी. आमच्या वस्तीला बांधावर पायताण घालायला बंदी होती. तुम्ही हसलात ते त्याला."

कुणी हसलं नाही. नवरा खाली बघत राहिला. त्यानंही ही गोष्ट साहेबांपासून लपवली होती.

मी पुढे चालू लागले. चालता चालता ठरवलं. सुट्टीत गावी जायचं. भरदिवसा, पाटलाच्या बांधावरून, शाळेपर्यंत. आईला बरोबर घेऊन. पुढच्याच आठवड्यात तिच्या मापाचे बूट घेतले. समोरून कुणीही येवो, आम्ही खाली उतरणार नाही.