आकडा सत्त्याण्णवचा

आमच्या घरात दमण्याचा हक्क फक्त दादांना होता. मी रोज वारज्याहून खराडीला जायचे. कंपनीच्या बसने जाताना दीड तास आणि ट्रॅफिकच्या कृपेने येताना दोन. पण घरी येऊन "दमले बाई" म्हणायची सोय नव्हती. अंघोळ करून बाहेर आलेला माणूस दहा मिनिटं दाराची चौकट धरून उभा राहतो, बोलायला लागला की चार शब्दांनी थांबतो, त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने दमायचं? मी पर्स खुंटीला अडकवायचे आणि गप्प बसायचे. ते गप्प बसणंही दिसतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दादा म्हणजे माझे वडील. मंडईजवळच्या एका पिठाच्या गिरणीत त्यांनी उभं आयुष्य काढलं. मालक वेगळा, दादा चक्कीवर. दिवसभर पिठाच्या धुरळ्यात उभं राहायचं आणि जरा उसंत मिळाली की बाहेर येऊन बिडी ओढायची. संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी आले की आई त्यांना आधी मोरीत पाठवायची. साठी यायच्या आत त्यांना जिने चढवेनात. पासष्टीला घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून ते एका लांब नळीतून दादांच्या नाकात सोडायचं. दिवसभर त्याची घरघर चालू असे. आलेला पाहुणा पहिली दोन मिनिटं मोठ्याने बोलायचा आणि मग उठायचं निमित्त शोधायचा.

छातीच्या डॉक्टरीण बाई अस्सल पुणेरी होत्या, एक शब्द जास्त नाही. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "दादांची छाती तर फुगलेली दिसते, मग हवा कमी कशी पडते?" त्या म्हणाल्या, "तुम्ही फ्लॅटमध्ये राहता ना? मधल्या भिंती पाडल्या की हॉल मोठा दिसतो. पण कपाट लावायला भिंत उरत नाही. फुफ्फुसातलं सगळं काम भिंतीवर चालतं." मग कागदावर बारीक बारीक फुगे काढून दाखवले. श्वासाची नळी फाटे फुटत फुटत शेवटी अशा कोट्यवधी फुग्यांत संपते. फुग्याची भिंत इतकी पातळ की पलीकडून वाहणाऱ्या रक्तात ऑक्सिजन सहज उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच उलटा बाहेर येतो. दादांचे फुगे फाटून एकमेकांत मिसळले होते. पोकळी वाढली होती, देवघेवीची जागा गेली होती. आणि त्या सैल पिशव्यांतली जुनी हवा बाहेर पडता पडत नव्हती, म्हणून नवीला आत यायला जागा नव्हती.

मला हे समजलं. निदान तसं वाटलं. फाइलवर बाईंनी लिहून दिलं होतं: यंत्र दीड लिटरवर, बोटाच्या मीटरचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. परदेशातल्या एका बँकेची कॉम्प्युटर यंत्रणा नीट चालते आहे ना, हे आमची टीम आठ तास स्क्रीनवर बघायची. स्क्रीनवर चौकोन. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे फोन सुरू. चौकोन लाल का झाला ते नंतर, आधी तो हिरवा करायचा. करारात लिहिलेला किमान आकडा गाठला म्हणून आमच्याकडे कोणी पाठ थोपटत नसे. त्याच्या वर किती गेलात ते विचारत. अशी सात वर्षं काढलेल्या माणसाला "अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव" कसं वाचता येणार? मी ते काठावर पास असं वाचलं. माझ्या स्वतःच्या बोटाला मीटर लावला की अठ्ठ्याण्णव दाखवायचा. दादांना एकोणनव्वद. रोज संध्याकाळी तो आकडा बघून मला आपणच नापास झाल्यासारखं व्हायचं.

दादांचं आणखी एक होतं. आम्ही बौद्ध. बिडी सोडायची म्हणून दादा एकदा विहारातल्या शिबिराला गेले आणि आनापान शिकून आले. डोळे मिटून बसायचं आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. ओढायचा नाही, रोखायचा नाही. बिडी सुटली, बसणं राहिलं. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास. दादा बसले की त्यांना हाक मारायची नाही, हा घरातला एकमेव कडक नियम. कुकरची शिट्टी झाली तर आई स्वतःवरच चरफडायची. ज्याला श्वास पुरत नाही तो श्वास बघत बसतो, याचा मला कधी कधी रागच यायचा. एकदा मी कुत्सितपणे विचारलं, "काय दिसतं हो एवढं?" ते म्हणाले, "येणाऱ्याचं काही नाही. जाणारा जात नाही." बाईंनी कागदावर काढलेलं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी नुसती मान हलवली.

तो शनिवार. सुट्टी असूनही आमच्या टीमला बोलावलं होतं, सकाळपासून अर्धी स्क्रीन लाल. संध्याकाळी घरी आले, मीटर लावला, सत्त्याऐंशी. आता इथेही लाल! मी यंत्राचं बटण फिरवलं. दोन. मग तीन. शेवटी चार लिटर. आकडा चढायला लागला. ब्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी माझ्या हाताने ठीक झालं होतं. मी मीटर आईला दाखवला, दादांना दाखवला. दादांचे ओठही जरा गुलाबी दिसले. फाइल उघडून बघावी, बाईंना फोन करावा, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

रविवारी सकाळी दादा डोकं जड झालंय एवढंच आईला म्हणाले. तिने बाम चोळला. मग ते नेहमीसारखे पलंगावर भिंतीशी बसले आणि डोळे मिटले. मी मीटर लावला तेव्हा त्यांचे हात छान उबदार लागले. सत्त्याण्णव. आम्ही दोघी दबक्या पावलांनी वावरत होतो. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आई स्वयंपाकघरातून डोकावून कुजबुजली, "आज किती दिवसांनी शांत बसलेत." खरंच, खांद्यांची ती रोजची धडपड दिसत नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचला. पानन् पान वाचलं, लग्नाच्या जाहिरातीसुद्धा.

साडेदहाला आई चहा घेऊन गेली आणि तिथेच थबकली. दादा बसले की पाठ कशी ताठ असायची. आता मान छातीवर पडली होती आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. "अहो," आई म्हणाली. मग जोरात, "अहो!" मी खांदे धरून हलवलं. डोळे अर्धे उघडले, पुन्हा मिटले. मीटरवर तेव्हाही सत्त्याण्णवच होतं.

हॉस्पिटलात बाई आल्या आणि मी मूर्खासारखी सर्वात आधी तेच सांगितलं. "ऑक्सिजन उत्तम आहे, मॅडम. सत्त्याण्णव."

"मी ब्याण्णवपर्यंतच लिहिलं होतं. सत्त्याण्णव कोणी केला?"

"मी."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. वाढत होता, म्हणून."

त्या लगेच कामाला लागल्या. मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासायला पाठवलं, दादांच्या तोंडावर हवा आत-बाहेर करणारा घट्ट मास्क लावला आणि मग मला बाजूला घेतलं. "बोटावरच्या मीटरला फक्त ऑक्सिजन दिसतो. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. तो साठत गेला की झोप येते, मग गुंगी, मग श्वासच मंदावतो. तुमच्या वडिलांच्या शरीराने वर्षानुवर्षं कमी ऑक्सिजनवर घडी बसवलेली आहे. ज्या फुग्यांत हवा पोचते तिकडेच रक्त वळवायचं, हासुद्धा त्या घडीचाच भाग. तुम्ही आत भरमसाट ओतलंत आणि ती घडी मोडलीत. अजून दोन-तीन तास तसेच राहिले असते, तर मला काही करता आलं नसतं."

घरात आम्ही त्या गुंगीला ध्यान म्हणत होतो. हे मी बाईंना सांगितलं नाही. आईलाही कधी बोलून दाखवलं नाही. तिला ते न सांगताच कळलं असावं, कारण आठ दिवस ती माझ्याशी फक्त औषधांच्या वेळांबद्दल बोलली.

दादा वाचले. दोन दिवसांनी मास्क निघाला, आठव्या दिवशी घरी आले. यंत्र पुन्हा दीड लिटरवर, आकडा पुन्हा एकोणनव्वद, खांद्यांची धडपड पुन्हा सुरू. मी आठवडाभर रजा टाकली होती. आई भाजीला गेली असताना मी त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढली. कबूल केल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं.

"दादा, बटण मी फिरवलं होतं. माझ्यामुळे झालं सगळं."

"माहीत आहे." थोडं थांबून, ओठांचा चंबू करून त्यांनी श्वास सोडला. "बघितलं मी."

"मग नको म्हणायचं ना! नाकात वारा वाढलेला कळला नसेल का तुम्हाला?"

"कळला की."

"मग? सकाळी डोकं जड झालं, तेव्हा तरी मला हाक मारायची."

त्यांनी नाकातली नळी सरळ केली.

"आकडा बघून तू... हसलीस," ते म्हणाले. "कामावरून आलीस की... तुझं तोंड बघवत नाही, पोरी. त्या दिवशी... किती महिन्यांनी. म्हटलं, असू दे."

मला रडू फुटलं. मी ते आवरलं आणि त्यांना बरं वाटावं म्हणून गाल ओढून हसले. दादांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हात हलवून म्हणाले, "राहू दे. त्या दिवशीचं... असलं नव्हतं."