म्हणा, निकोन

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच होडीत बसली आणि एकानेही माघार घेतली नाही, की ते आपोआप साठत जातात. आमच्या होडीत तर भांडणाचं कारणही एकच : कॅमेऱ्याचं नाव.

माझा बारामतीत फोटो स्टुडिओ आहे. हिवाळ्यातल्या दर रविवारी आम्ही तिघं भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. मी, बारामतीतले एक दातांचे डॉक्टर आणि लासुर्ण्याचे घुले सर, निवृत्त शिक्षक. होडी तात्यांची. तिघांकडे एकाच जपानी कंपनीचा कॅमेरा. मी म्हणतो निकॉन, कारण माझी गिऱ्हाइकं तसंच म्हणतात. डॉक्टर म्हणतात नायकॉन, कारण त्यांचा अमेरिकेतला भाऊ तसं म्हणतो. सर म्हणतात निकोन, कारण जपानी लोक तसं म्हणतात आणि विषय संपला.

सरांना एकच फोटो हवा होता. ऑस्प्रे, म्हणजे पाण्यात सूर मारून मासा उचलणारी घार. तीन हिवाळे त्यांनी तिच्या मागे घालवले होते, पण तो क्षण काही हाती लागला नव्हता.

*

एका लग्नात मी अंतरपाटाशी उभा होतो. मंगलाष्टकं शेवटाला आलेली आणि खिशातला फोन थांबायला तयार नाही. तीनदा कट केला. चौथ्यांदा वाटलं, काहीतरी वाईट बातमी असणार. उचलला.

"अहो, आत्ताच एका जपानी म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला. आपण इतकी वर्षं चुकीचं नाव घेतोय."

"सर, इथं अक्षता पडतायत."

"पडू द्या. म्हणा, निकोन."

मी म्हटलं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये एका फोटोत अंतरपाट आहे आणि पुढच्या फोटोत थेट जेवणाची पंगत. मधलं काही विचारू नका.

*

इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेने सरांना 'आपल्या परिसरातील पक्षी' या विषयावर बोलायला बोलावलं. सर पाऊण तास बोलले. कॅननला जपानमध्ये क्यानोन म्हणतात, इथून सुरुवात झाली आणि पक्षी यायच्या आत घंटा झाली.

आभार मानायला मुख्याध्यापक उठले. तोवर त्यांची बहुतेक एक डुलकी झाली होती.

"सरांनी आपल्याला जपानी पक्ष्यांची मोलाची माहिती दिली," ते म्हणाले.

सर मात्र खूश होते. एक पोरगी जाताना क्यानोन म्हणाली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

*

डॉक्टरही काही कमी नाहीत. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, अर्धी जीभ बधिर. डॉक्टर विचारायचे, "नायकॉनच बरोबर ना?"

"आँ," पेशंट म्हणायचा.

हे मत डॉक्टर आपल्या बाजूला धरायचे. एका रविवारी त्यांनी होडीत जाहीर केलं की अख्खी बारामती त्यांच्या मागे आहे.

सर म्हणाले, "बधिर जिभेचं मत बाद."

*

एकदा भर पाण्यात दोघांची जुंपली, तेव्हा तात्यांनी इंजिन बंद केलं.

"सर, त्यो जपानी तुमच्या लासुर्ण्याचं नाव कसं घील?"

सरांनी खरोखर विचार केला. "त्यांच्यात 'ल' नाही. रासुरुने म्हणेल."

"मग तुमी काय करणार?"

"गावात नेऊन शिकवीन. जमेपर्यंत घरी ठेवून घेईन."

तात्यांनी इंजिन चालू केलं. परतताना सर जरा मऊ आवाजात मला म्हणाले, "मी शाळेत शिकवायचो तेव्हा बाकीचे मास्तर हजेरीत पोरांची नावं काहीही वाचायचे. बिरूचा वीरेंद्र केला होता एकाने. पोरगं उठायचंच नाही. मी पहिल्या दिवशी बिरू म्हणालो, तर केवढ्यानं 'हजर' म्हणालं." त्या दिवसापासून डॉक्टर जवळ नसले की मी सरांसमोर निकोनच म्हणतो. डॉक्टरांना हे अजून माहीत नाही.

*

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सरांनी सकाळपासून बगळ्यांवर बॅटरी उडवली होती आणि दुसरी घरी चार्जिंगलाच राहिली. आम्ही परत फिरलो होतो, तेवढ्यात तात्या हळूच म्हणाले, "सर, वर बघा."

ऑस्प्रे. आमच्यापासून पन्नास फुटांवर, पाण्यावर एका जागी पंख मारत थांबलेली. खाली मासा दिसला की ती अशीच थांबते. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बंद. माझा कॅमेरा बॅगेत, बॅग डॉक्टरांच्या पायाखाली.

डॉक्टरांचा तयार होता. मोठी लेन्स, सगळं सेट. त्यांनी तो सरांपुढे धरला आणि हसत म्हणाले, "घ्या. फक्त एकदा नायकॉन म्हणा."

मला डॉक्टरांचा भयंकर राग आला. तीन हिवाळे, आणि हा माणूस आत्ता चेष्टा करतोय.

सरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. घारीकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले.

"म्हणा की सर," डॉक्टर म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "बरं, नका म्हणू. घ्या."

तोवर घार पाण्यात पडली होती. फटकन आवाज झाला, पाणी उडालं आणि ती हातभर मासा घेऊन वर आली. आमच्या डोक्यावरून गेली.

सर कितीतरी वेळ तिकडेच बघत होते. मग वळून म्हणाले, "डॉक्टर, मासा कसा सरळ धरला होता, तोंड पुढे करून. पाहिलंत?"

"नाही हो सर," डॉक्टर म्हणाले. "मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो."