काकूंना काढा नको म्हणताना

सकाळी मला काहीच झालेलं नसायचं. संध्याकाळी मात्र डावी पापणी खाली यायची, आणि कितीही वर ओढली तरी थांबायची नाही. लातूरला मुलींच्या मेसमध्ये मी स्वयंपाकाला आहे. इथे जेवणाऱ्या सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. क्लास सुटला की थेट ताटं घेऊन रांगेत. त्यातली एक, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी, एकदा म्हणाली, "ताई, आम्हाला डोळा मारून काय फायदा? भाजी वाढा जरा!" सगळ्या हसल्या, मीही हसायला गेले. ओठ नीट हलेनात.

मग हात गेले. पंधरा-वीस भाकरी थापल्या की खांद्यातला जीवच जायचा. जेवताना शेवटचे घास जबड्याला हाताचा टेकू देऊन चावायचे. आई फोनवर विचारायची, "नाकातून बोलून राहिली, सर्दी झाली का?" मी हाव म्हणायचे. आमचं गाव माहूरकडे. तिथून इथे यायचं तर आईचा सगळा दिवस एसटीत जातो. तिची झोप कशाला घालवू?

मेस ज्यांची आहे, त्यांना सगळ्याच काकू म्हणतात. सातवीत शाळा सुटलेली मी, काम शोधत आले तेव्हा ओळख ना पाळख, तरी त्यांनी घरातली मागची खोली मला दिली. माझा आजारही त्यांनीच ठरवून टाकला. "तुझी प्रतिकारशक्ती गेली बघ. कोरोनात मी गुळवेलीवरच उठले." भावाच्या शेतात लिंबावर चढलेला वेल त्या मागवायच्या, पहाटे उकळायच्या आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. कडू जहर. पण या गावात माझ्यासाठी पहाटे उठून कोणीतरी काही उकळतंय, याचंच मला इतकं वाटायचं की मी थेंब ठेवत नसे.

लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काकू सोबत आल्या, पिशवीत काढ्याची बाटली. तिथल्या नर्सनं रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि पापणीवर धरून ठेवला. काढला तर डोळा टक्क उघडा!

"अगं बया, उघडला की!" काकू ओरडल्या. मला वाटलं, बरीच झाले. थोड्या वेळानं पापणी पुन्हा खाली.

रक्त तपासलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं. स्नायूंवर रिसेप्टर असतात, नसेचा निरोप ते घेतात, मग स्नायू हलतो. माझीच प्रतिकारशक्ती त्या रिसेप्टरवर उठली होती. एक गोळी ताकदीची, दुसरी प्रतिकारशक्ती शांत करायची. मला निम्मंच कळलं. काकूंनी त्यातला एकच शब्द पकडला. एसटीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "बघ, प्रतिकारशक्तीचंच निघालं. मी काय सांगायले होते?" त्या दिवसापासून काढा दोन वेळा.

पहिल्या गोळीनं तासाभरात हात उठायचे. पण मनात किडा वळवळायला लागला. गोळी जिला शांत करते, तिलाच काढा जोर देत असला तर? शेवटी 'डोळा मारून काय फायदा' म्हणणाऱ्या त्या मुलीला विचारलं. तिनं ताट बाजूला सारून पुस्तक उघडलं.

"ताई, प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही रिसेप्टर असतात. त्यांच्यानंच त्या आपलं कोण, परकं कोण ते ओळखतात. तुमच्या काही पेशींनी तुमचाच स्नायू परका धरला. मग त्यांच्या अँटिबॉडी जाऊन स्नायूच्या रिसेप्टरवर बसल्या."

"मंजे माझी प्रतिकारशक्ती कमी न्हाई?"

"कमी कशाची? नको तिथं दादागिरी करून राहिली," तिनं माझ्याच बोलीत मला चिडवलं.

"मग काढा?"

"ते मला नका विचारू, मी अजून पास कुठं झाले? डॉक्टरांना फोन लावा."

लावला. डॉक्टर म्हणाले, "या आजारात गुळवेल नको. आजच बंद करा."

बंद करा म्हणणं त्यांना सोपं. मला ते काकूंना सांगायचं होतं. त्यांचं मन दुखलं तर? आणि दुखल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की संध्याकाळी भाकरी न थापता येणारी बाई मेसला काय कामाची, तर? गावाकडे परत जाऊन मी आईवरच भार होणार होते?

दुपारी मेस रिकामी होती. काकू तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि बोलून टाकलं.

"काकू, समजा जेवायची वेळ झाली, अन् आपल्याच घरचे पाहुणे सगळ्या बाकांवर बसून राहिले. पोरी ताटं घेऊन उभ्याच. माझ्या अंगात तसं झालंय. बाकं मंजे ते रिसेप्टर."

"मग उठवायचं पाहुण्यांना."

"त्याचीच गोळी चालू हाय. पण काढ्यानं पाहुणे आणखी वाढतात. डॉक्टरांनी बंद करा म्हणून सांगितलं."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "म्हंजी मी इतके दिवस तुला उलटंच पाजायले?"

"तुम्ही पाजलं म्हणून तर मी इथं टिकले," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण आवाज नाकातून आला.

काकूंनी तांदळातला एक खडा काढला, फेकला. मग म्हणाल्या, "आणलेला वेल वाया नाही घालवायची मी. मीच पिते." थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुला जोर कधी असतो?"

"सकाळी."

"मग सकाळचं सगळं तुझ्याकडं. संध्याकाळच्या भाकरी मी थापते."

काकूंच्या भाकरी जाड होतात आणि कडेला कच्च्या राहतात. पोरी कुरकुर करतात. काकू आतून ओरडतात, "डॉक्टर व्हायचंय ना? मग दात वापरा!" मी बाहेर बाकावर बसते, तीच भाकर आमटीत कुस्करते आणि सावकाश, पुरती खाते.