हात मिळाल्याशिवाय गाडी काढू नये

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातील शेवंताबाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. परंतु घाटात मालट्रक कसा चालवावा, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांचे यजमान तोताराम सावद्याची केळी मुंबईला पोहोचवीत आणि घरी आले की ताटावर बसून रस्त्याच्याच गोष्टी सांगत. त्या गोष्टींत एक नियम पुन्हा पुन्हा येई. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढतो आणि ये, म्हणून हलवतो. तो हात मिळाल्याशिवाय आपली गाडी पुढे काढायची नाही.

तेच तोताराम परतीच्या वाटेवर, लळिंगच्या घाटात, एका ट्रकला ओलांडताना समोरून येणाऱ्या गाडीवर आदळून गेले. पुढचा ट्रक थांबलाच नाही. गावच्या ड्रायव्हर मंडळींनी पारावर बसून निवाडा केला, की तोतारामने हात न घेता गाडी काढली. सुपडू ड्रायव्हर तर शेवंताबाईंच्या देखत म्हणाला, "घाई व्हती त्याले. घाईले काय औषध शे?"

मेल्या माणसाला बोल लागला आणि तो पुसायला साक्षीदार उरला नाही. त्यांना हात मिळाला होता की नव्हता, हा एकच घोर शेवंताबाईंच्या जिवाला लागून राहिला.

पुढे पंचाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या जळगावला धाकट्या दिराकडे राहायला गेल्या. दीर चुडामण तेथे संगणकाचा वर्ग चालवी. विद्यार्थ्यांसाठी त्याने गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ स्वतः रचला होता. रस्ता म्हणून त्याने माहितीतला लळिंगचा घाटच घातला होता. परंतु चढावर सगळ्या गाड्यांची ताकद सारखीच पडे आणि कोणालाही कोणाच्या पुढे जाता येत नसे. मुले कंटाळली. तेव्हा चुडामणने खेळात 'जोर' घातला. कळफलकावरचे लांब बटण दाबले की इंजिनाला काही क्षण दीडपट ताकद मिळे. मग ती ओसरे आणि थोडा वेळ पुन्हा मिळत नसे. तेवढ्या अवधीत पुढच्या गाडीला ओलांडायचे.

रविवारी दुपारी वर्ग रिकामा असताना शेवंताबाई आत आल्या. पडद्यावरचे वळण त्यांनी दाराशीच ओळखले.

"भाऊ, हाऊ तोच घाट शे ना?"

"शे. बस वहिनी, गाडी चालाडी दख."

त्या बसल्या. पुढे तपकिरी चौकोनांचा एक ट्रक चालला होता. शेवंताबाईंनी आपली गाडी त्याच्यामागे शांतपणे ठेवली. वळणामागून वळण गेले.

"दाब ना बटण," चुडामण म्हणाला. "इतला जोर दिधा तुले, तो काय लोणचं घालाले?"

"त्यानी हात दिधा नही आजून."

चुडामण हसला. "वहिनी, त्याले हात नही. मीच काढेल शे त्याले, चार चौकोन जोडीसन."

खोलीत केळीच्या ओल्या पानांचा वास येत होता. तो कोठून येतो, हे पाहण्यासाठी चुडामण खिडकीकडे वळणार, इतक्यात ट्रकच्या उजव्या अंगाला एक फिकट ठिपका बाहेर आला. वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

शेवंताबाईंनी बटण दाबले. गाडीने जोर घेतला आणि ती ट्रकच्या बरोबरीला आली. तेथून मात्र ती पुढे सरकेना. ट्रकनेही तेवढाच जोर धरला होता, आणि तिला ना पुढे जाऊ देत होता, ना मागे पडू देत होता. जोर ओसरला. वळणावरून दुसरी गाडी आली आणि पडदा लाल झाला.

चुडामणने प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. जोर केवळ खेळणाऱ्याच्या गाडीला दिलेला होता. पुढच्या ट्रकला वेग वाढवण्याची आज्ञा कोठेही नव्हती, आणि हाताची तर नव्हतीच.

"दखं ना तू?" शेवंताबाईंनी विचारले.

"दखं."

"त्यास्ले त्यानी हात दिधा व्हता. मंग जाऊ दिधं नही."

त्यांच्या डोळ्यांना पाणी आले नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांनी पाठ सरळ करून खुर्चीला टेकवली.

"मी हाऊ जोरच काढी टाकस," चुडामण म्हणाला.

"जोर राहू दे. तो ट्रक काढी टाक."

त्याने ट्रक पुसला. शेवंताबाईंनी पुन्हा सुरुवात केली. चढावर त्यांनी एकदाच बटण दाबले. गाडी घाट चढली, माथा ओलांडून धुळ्याच्या बाजूला उतरली. सपाटी लागताच त्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"उतरा आते," त्या पडद्याकडे पाहून, घर आले असे सांगावे तशा हलक्या आवाजात म्हणाल्या. "घर उनं."

कोणी काही सांगितले नव्हते, तरी चुडामण उठला. त्याने खोलीचे दार उघडले आणि वाट सोडून भिंतीला लागून उभा राहिला.